दहाचा एक

आमच्या खानापूर तालुक्यात सायकल ही चैनीची वस्तू कधीच नव्हती. ती बैलासारखी कामाची होती. दुधाच्या किटल्या, वैरणीची पेंढी, गिरणीचं दळण, शाळेत जाणारी दोन पोरं, आणि पाहुणा आला तर मागच्या कॅरेजवर पाहुणा, एवढं सगळं त्या काळ्या सायकलीनं ओढलं. 28 इंची चाकं, सळईचे ब्रेक, जाड सीट. पंक्चर सोडलं तर तिला रोग माहीत नाही. आम्ही पोरं विट्याला जाऊन तासावर भाड्याची सायकल घ्यायचो. आधी दांडीखालून पाय घालून हाप पायडल, मग दांडीवर बसून, आणि पाय पुरायला लागले की सीटवर. गुडघे फुटल्याशिवाय सायकल आली असं एकही पोरगं आमच्या आळीत नव्हतं.

सायकलीला कमी लेखू नये. आमच्या जिल्ह्यातली किर्लोस्करवाडी 1910 साली वसली. पण ज्या लक्ष्मणरावांनी ती वसवली, त्यांच्या उद्योगाची सुरुवात बेळगावात 1888 साली सायकलच्या दुकानानं झाली होती. नांगर आणि पंप नंतरचे, आधी सायकल.

तर अशा आमच्या गावात 1983 साली एक वेगळीच सायकल आली. ती आणली माझ्या थोरल्या भावानं, आण्णानं. मागे पाच दातेरी चकत्या, पुढे दोन, म्हणजे दहा गिअर. मेंढ्याच्या शिंगासारखं खाली वळलेलं हँडल. बोटाएवढे बारीक टायर. मडगार्ड नाही, कॅरेज नाही, स्टँड नाही. आमच्या आईनं तिच्याकडं बघून विचारलं, "हिच्यावर काय आणायचं?" आण्णा म्हणाला, "काय न्हाई. नुसतं जायाचं." आईला ते काही पटलं नाही.

आण्णा लुधियानाला गलाईच्या दुकानात होता. आमच्या खानापूर-आटपाडी भागातली माणसं या धंद्यासाठी देशभर पांगलेली आहेत. कुठल्याही मोठ्या गावाच्या सराफकट्ट्यावर जा, मागच्या बोळात भट्टीपुढं बसलेला विट्याकडचा माणूस सापडेल. जुने दागिने, मोड, सराफाच्या दुकानातला केरसुद्धा घ्यायचा, मुशीत वितळवायचा, तेजाबात टाकायचा. चांदी आणि तांबं तेजाबात विरघळतं, सोनं खाली राहतं. त्या वेळी तांबूस पिवळा धूर उठतो. त्या धुरानंच आमच्या भागाची घरं बांधली आणि त्याच धुरानं कितीतरी माणसांची छाती खाल्ली.

1972 च्या दुष्काळात आण्णा नववीत होता. खडी फोडायला घरातली सगळीच जात होती, सुकडी खाऊन दिवस काढत होती. पुढच्या साली गावातल्या एकाबरोबर आण्णा लुधियानाला गेला तो भट्टीला कोळसा घालणारा पोऱ्या म्हणून. त्यानं पाठवलेल्या मनिऑर्डरीवर मी 1975 साली दहावी झालो. त्या सालची आमची दहावीची पहिली बॅच, त्याआधी अकरावीची मॅट्रिक होती. पुढं शिकायचं म्हटलं तर शेताला माणूस नव्हता. एकानं भट्टी धरली, एकानं नांगर. आमच्यात कधी कागदावर वाटणी झाली नाही, ती अशी झाली.

लुधियाना हे सायकलींचं गाव. काही वर्षांनी हाताला पैसा आल्यावर आण्णानं एका सराफाच्या पोराकडून ती शर्यतीची सायकल जुनी म्हणून घेतली. रेल्वेत घालून, पुण्यात गाडी बदलून किर्लोस्करवाडी स्टेशनावर उतरवली आणि तिथून ती चालवत तो गावात आला. पाठीवर बॅग, अंगात पांढरा सदरा, आणि मागं कुत्री. चैत्रातली यात्रा तोंडावर आली होती. यात्रेत कुस्त्या व्हायच्या तशी सायकलची शर्यतही व्हायची. विट्याला जाऊन परत, सोळा किलोमीटर. त्या वर्षी आण्णा पहिला आला. पुढच्या वर्षीही आला. तिसऱ्या वर्षी लोकांनी तक्रार केली, की बाकीच्यांची एक गिअरची आणि याची दहा गिअरची, हा न्याय नव्हे. आण्णानं वाद घातला नाही. एकाची दूधवाली काळी सायकल मागून घेतली, तिच्यावर बसला आणि पहिला आला. गाव अजून ती शर्यत काढतं.

तो दर यात्रेला यायचा. अकरा महिने सायकल घरात गोणपाटात गुंडाळलेली असायची. तिला तेल घालायचं काम माझं. चालवायची परवानगी नव्हती आणि मला हौसही नव्हती. त्या बारीक टायरांवर आमच्या पाणंदीत काय जाणार?

पंचवीस वर्षांच्या धुरानंतर आण्णा कायमचा घरी आला. वय चाळिशीचं पण नाहीसं, पण जिना चढताना थांबायचा. डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं, गेलेली ताकद परत येणार नाही, आहे तेवढी सांभाळा. आण्णानं ऐकून घेतलं. घरी आल्यावर मात्र म्हणाला, "गिअरची तार गंजलीया. जरा बरा झालो की नीट करून घेतो." त्यानं सायकल माळ्याखालच्या तुळईला दोन हुक मारून टांगली. मग दर दसऱ्याला तिला हार घालायचा आणि दर दसऱ्याला तेच वाक्य, बरा झालो की नीट करून घेतो. अशी वीसपेक्षा जास्त वर्षं गेली. तोवर टेंभूचं पाणी आलं, माळावर द्राक्षं आली, घरात दोन मोटरसायकली आल्या. सायकल वरच.

तीन वर्षांपूर्वी आण्णाची थोरली नात अकरावीला गेली. कॉलेज विट्याला, सकाळी सातचं. त्या वेळेला आमच्या गावातनं वाहन नाही. एका मोटरसायकलवर तिचा बाप कामाला जातो, दुसरी बागेत लागते. त्या साली ऐन फुलोऱ्यात पाऊस लागून राहिला, डावणीनं घड गेले. औषधाची उधारी डोक्यावर. पोरीला स्कूटर घ्यावी असं म्हणायचीसुद्धा कुणात ताकद नव्हती. नवी सायकल घ्यायचं ठरत होतं. पोरगी तुळईकडं बघून म्हणाली, "आबा, मला तीच द्या की. हलकी आहे ती. उगंच पैसे कशाला घालवायचे?"

आण्णा काही बोलला नाही. उठून आत गेला. त्या रात्री जेवला नाही. दुसरा दिवसही तसाच गेला. पोरगी रडवेली झाली, तिला वाटलं आपण काही वावगं बोललो. संध्याकाळी मी गोठ्यात धार काढत होतो, तिथं वैनी आल्या. पदराला हात पुसत म्हणाल्या, "भावजी, तिला सांगा, दुसरी घेऊ म्हणावं. ती सायकल वर हाय तवर ह्यास्नी वाटतंय, आपुन बरं होणार. खाली घेतली तर इचार कशाचा करायचा त्यांनी?"

मी धार काढत राहिलो. वैनींचं खरं होतं. इतकी वर्षं ते वाक्य मी ऐकत होतो आणि त्यातली सायकलच मला दिसत होती. त्यातला 'बरा झालो की' मी कानाआड करत होतो. घरात असंच असतं, रोजचं बोलणं कुणी ऐकत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी आण्णानं मला हाक मारली. "धाकल्या, शिडी आण."

सायकल खाली आली. गोणपाट सोडलं तर आत उंदरांनी सीट खाल्लेली, टायर कडक होऊन तडकलेले, गिअरच्या तारा नळीत गच्च बसलेल्या. मागं चेनला ताणून धरणारा दोन छोट्या चक्रींचा जो हात असतो, त्याची स्प्रिंग गेली होती आणि एक चक्री दोन तुकडे झाली होती. सांगाडा मात्र जसाच्या तसा. रंग उडाला होता, पण कुठं वाक नव्हता, सांध्याला चीर नव्हती. आण्णानं बोटानं टिचकी मारली. पितळी भांड्यासारखा आवाज आला. म्हणाला, "जित्ती हाय."

मी सायकल जीपमध्ये घालून विट्याला नेली. ज्यांच्याकडं आम्ही लहानपणी तासावर सायकल घ्यायचो त्यांचा मुलगा आता दुकान चालवतो, तोही साठीचा. आम्ही त्याला मिस्त्रीच म्हणतो. त्यानं चष्मा लावून सगळं बघितलं आणि सांगितलं ते असं. हे पाच चकत्यांचं जुनं सामान आता मिळायचं नाही. आजच्या सायकलींना मागं सात-आठ चकत्या असतात, त्यांचा एक्सल लांब. तो या चिंचोळ्या सांगाड्यात बसवायचा म्हणजे मागचे दोन्ही पाइप फाकवावे लागतील. बळजबरीनं फाकवले तर सांगाडा बाद. "गिअर विसरा, नाना," मिस्त्री म्हणाला. "पण एकावर बांधली तर हिच्यासारखी सायकल तालुक्यात नाही."

मग त्यानं मला एक गंमत दाखवली. चाक बसायच्या मागच्या खाचा आडव्या होत्या, बोटभर लांब. गिअर काढले की चेनला ताण द्यायला तो स्प्रिंगचा हात राहत नाही. ताण मग चाक मागं ओढूनच द्यावा लागतो. आजच्या पुष्कळ सायकलींना खाच उभी असते, चाक मागं सरकत नाही. हिची आडवी, म्हणून हे जमतंय. आणि मागच्या हबचे आटे आपल्या काळ्या सायकलीच्या फ्रीव्हीलचेच. "बाजारातलं साठ-सत्तर वर्षं चालत आलेलं फ्रीव्हील हिला बसतंय बघा."

घरी येऊन मी आण्णाला होतं तसं सांगितलं. गोड करून सांगायचं तर मला जमत नाही आणि त्याला चालत नाही. तो खाटेवर बसला होता. बराच वेळ श्वासाचाच आवाज येत होता. मग म्हणाला, "गलाईत तरी काय करतो आपुन? नको ते काढतो. ऱ्हाईल ते सोनं." आणि लगेच, आवाज बदलून, "पर काम हितं करायचं. माझ्याम्होरं."

रविवारी मिस्त्री हत्यारं घेऊन आला. अंगणात चिंचेखाली आण्णाची खाट ओढली, पोरगी पाने-पक्कड द्यायला बसली, आणि काम सुरू झालं.

सगळ्यात आधी दोन्ही तारा, दांडीवरचे दोन खटके, पुढचा चेन ढकलणारा चिमटा आणि मागचा तो मोडका हात निघाले. हे सोपं होतं. अवघड निघालं ते मागचं पाच चकत्यांचं फ्रीव्हील. पायडल मारताना ते आणखी आवळत जातं. आण्णाच्या मांड्यांनी ते किती आवळलं असेल! ते सोडवायला खाचांत बसणारा एक खास पाना लागतो. त्या बनावटीचा पाना मिस्त्रीकडं नव्हता. दोन दिवस आम्ही त्यावर डिझेल सोडून ठेवलं होतं, तरी हलेना.

तेव्हा आण्णा खाटेवरून म्हणाला, "वरचं झाकण काढा. त्याचं आटं उलटं हाईत. आवळायच्या बाजूला फिरवा, सुटंल."

मिस्त्रीनं छिन्नी लावली, हातोडीचे हलके ठोके घातले. झाकण सुटलं आणि बारीक छर्रे मुंगळ्यांसारखे अंगणभर पळाले. पोरगी आणि मी ते गोळा करत बसलो. चकत्यांचा बाहेरचा भाग हातात आला, आतला गाभा हबवर राहिला. तो वेल्डिंगवाल्याच्या व्हाइसमध्ये पकडला आणि चाकच स्टेअरिंगसारखं डावीकडं फिरवलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा कडकन आवाज झाला. मला वाटलं हब गेला. पण गाभा सुटला होता. मिस्त्री म्हणाला, "तारा चाकाला होत्या म्हणून जमलं. आधी चाक सोडलं असतं तर धरायला काहीच नव्हतं."

पुढं दोन चेनव्हील होती, मोठं 52 दात्यांचं आणि लहान 42 चं. मिस्त्रीचा जीव मोठ्यात अडकला. शर्यतीची सायकल, शर्यतीचं चाक. मागं 18 दात्यांचं फ्रीव्हील लावू आणि पुढं 52 ठेवू, पोरगी वाऱ्यासारखी पळेल, असं त्याचं म्हणणं.

आण्णानं मान हलवली. "येताना वढ्यापासनं माळापत्तूर चढ हाय. पाठीवर दप्तर. आषाढात तोंडावर वारं. तिथं 52 काय कामाचं? 42 ठेवा." त्या रस्त्याचा प्रत्येक चढ, कुठं खडी, कुठं वारा आडवा येतो, हे त्याच्या पायांत होतं. वीस वर्षं तो त्या रस्त्यावर सायकलनं गेला नव्हता, पण पाय विसरले नव्हते.

पोरीनं विचारलं, 42 आणि 52 नं फरक काय पडतो? मी दहावीचा माणूस, पण गुणाकार पक्का आहे. चाकाला खडूची खूण केली, अंगणात एक फेरा फिरवला आणि टेप लावला. सात फुटांच्या किंचित वर. पुढं 42, मागं 18, म्हणजे पायडलच्या एका फेऱ्याला मागचं चाक सव्वादोन फेऱ्यांच्या थोडं वर फिरतं. गुणिलं तर साडेसोळा फूट. 52 लावलं तर वीस फुटांच्या वर. जास्त अंतर, पण तेवढाच पायाला जास्त भार. आण्णा शर्यतीत सपाटीला 52 आणि मागं 14 लावायचा, त्याचे एका पायडलला सव्वीस फूट होतात. आणि चढाला 42 आणि 28, ते साडेदहा फूट. हे दहा गिअरचं गुपित मला चाळीस वर्षांनी अंगणात कळलं. आता सव्वीस नाही, साडेदहा नाही, मधले साडेसोळा तेवढे राहिले.

साडेसोळा म्हटल्यावर माझ्या डोक्यात दुसरंच आलं. दोन पायडलचे तेहतीस फूट. तेहतीस फूट म्हणजे आमची मोजणीची साखळी, गुंठ्याची एक बाजू. मी ते मोठ्यानं बोललो, तसा आण्णा हसला. हसला की त्याला खोकला येतो. तो खोकत खोकत म्हणाला, "शेतकऱ्याच्या घरात आली सायकल. आता गुंठ्यावर आली."

52 चं चाक काढलं. बोल्ट लांब पडायला लागले म्हणून वायसर घातले. नवं फ्रीव्हील हातानंच आवळलं, बाकीचं पायडल आवळून घेतं. आता चेन सरळ धावली पाहिजे. पाच चकत्यांच्या जागी एकच आली, ती पुढच्या चाकाच्या रेषेत नव्हती. गिअरच्या सायकलीला तिरकी चेन चालते, एक गिअरच्या सायकलीत चेन तिरकी असली तर कुरकुरते, झिजते, उतरतेही. मी बागेत वेलांच्या ओळी दोरीनं धरतो, तशी दोरी पुढच्या दात्यापासून मागच्या दात्यापर्यंत धरली. बोटाच्या पेराएवढा फरक दिसला. मिस्त्रीनं एक्सलवरचा उजवीकडचा छल्ला काढून डावीकडं घातला. हब उजवीकडं सरकला, दोरी सरळ झाली. पण हबबरोबर रिमही सरकली. मग डाव्या तारा आवळल्या, उजव्या ढिल्या केल्या, रिम पुन्हा मधोमध आणली आणि आउट काढली. या कामाला दुपार गेली. मिस्त्री म्हणाला, गिअरच्या चाकात उजव्या तारा ताठ आणि डाव्या सैल असतात, आता दोन्ही बाजूंना सारखा ताण आला, चाक पहिल्यापेक्षा मजबूत झालं.

नवी चेन मापून तोडली. चाक मागं ओढून, मध्यावर चेन बोटानं अर्धा इंच वरखाली होईल एवढाच ताण ठेवून नट आवळले. 27 इंची टायर विट्यात नव्हते, ते सांगलीहून आणले. ब्रेकची रबरं नवी. रिम लोखंडाच्या, त्यांना पावसात ब्रेक उशिरा लागतो. आण्णानं पोरीला बजावलं, "पाऊस आसंल तर आधी हलकं दाबत ऱ्हायचं, पाणी पुसून घ्यायचं, मग जोरात. आन् दोनी ब्रेक कायम ठेवायचं. पाय थांबिवलं म्हणून ही थांबत न्हाई."

वैनींचं म्हणणं होतं, दांडीच्या सायकलीवर पोरगी बसलेली बरी दिसत नाही. पोरगी म्हणाली, "आज्जी, बरी दिसायला नाही, कॉलेजला चाललेय." वैनी गप्प बसल्या, पण ओढणी अडकेल म्हणून अर्धा चेनकव्हर त्यांनीच मिस्त्रीकडून लावून घेतला.

संध्याकाळी काढलेलं सगळं सामान गोणपाटावर पडलं होतं. आण्णानं आतून गलाईतला तराजू आणायला सांगितला. आयुष्यभर त्यानं जे वितळवलं ते मोजून घेतलं आणि मोजून दिलं, तशी ही पण सवय. खटके, तारा, दोन्ही हात, पाच चकत्या, 52 चं चाक, सगळं तागडीत घातलं. नव्या फ्रीव्हीलचं वजन वजा करून 1 किलो 180 ग्रॅम भरलं. मला म्हणाला, "लिहून ठेव. तारीख घाल." मी वहीच्या कागदावर तारीख घातली, एकेक वस्तू लिहिली, खाली वजन. त्यानं सही केली. कशासाठी सही, मी विचारलं नाही. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ते सामान भरलं, वर चिठ्ठी ठेवली. डबा त्यानं खाटेखाली घेतला.

मग त्यानं सायकलीकडं बघितलं. चारी बाजूंनी मोकळी, एक चेन, दोन चाकं. पोरीला म्हणाला, "बस." ती बसली. पहिला फेरा अंगणात, दुसरा रस्त्यावर. ती वळणाआड गेल्यावर आण्णानं डोळे मिटले आणि तोंडानं पुटपुटत राहिला. मला वाटलं देवाचं नाव घेतोय. जवळ गेलो तर तो पायडल मोजत होता.

त्या दिवसापासून दसऱ्याचं ते वाक्य बंद झालं. 'बरा झालो की' पुन्हा त्याच्या तोंडून आलं नाही. मला धास्ती होती, वैनींना तर होतीच. पण झालं वेगळं. दुपारी एकच्या सुमाराला तो खाट दारात ओढून घ्यायला लागला. पोरगी घामेजून आली की पहिला प्रश्न, "कुठं उतरलीस?" पहिल्या आठवड्यात ती ओढ्याच्या पुलापाशीच उतरून ढकलत यायची. मग वडापर्यंत. आण्णा तिला सांगायचा, चढ दिसला की आधीच जोर घ्यायचा, चढावर आल्यावर नव्हे. सीटवरनं उठायचं ते शेवटच्या चाळीस पायडलला, आधी नाही. श्वास तोंडानं नाही, नाकानं. ज्याला स्वतःला आठ पावलं चालून थांबावं लागत होतं, तो दुसऱ्याला श्वास शिकवत होता. दिवाळीनंतर एक दिवस ती आली आणि त्यानं विचारायच्या आधीच म्हणाली, "आबा, आज कुठंच नाही."

आण्णानं वैनींना हाक मारून गूळ आणायला लावला.

तिच्याच कॉलेजात चार-पाच पोरांकडं एकवीस गिअरच्या सायकली आहेत. त्यातली निम्मी गिअर बदलत नाहीत, आणि निम्म्यांचे गिअर पहिल्या पावसाळ्यानंतर अडकलेले असतात. गिअर वाईट असं मी म्हणत नाही. घाट चढायचा असेल, लांब जायचं असेल, सांभाळायला हात आणि मिळायला सामान असेल, तर गिअरच पाहिजेत. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट काय कुणी हौसेनं एका गिअरवर चढणार आहे? पण आठ किलोमीटरच्या आमच्या रस्त्याला, चिखलाला, उसाच्या गाड्यांनी उडवलेल्या धुळीला आणि आठवड्यातून एकदा तेलाचे चार थेंब एवढ्याच निगेला, एकच बरा. आम्ही शेतीत हेच शिकलो. जेवढी यंत्रं वाढली तेवढ्या मोडायच्या जागा वाढल्या.

मागच्या पौषात आण्णा गेला. रात्री झोपेतच. छातीनं एवढी वर्षं साथ दिली हेच जास्त. दिवसकार्य झाल्यावर खाट हलवली तेव्हा तो डबा निघाला. मुलगा म्हणाला, भंगारात घालू का? वैनींनी त्याच्या हातातून डबा घेतला आणि देव्हाऱ्याखालच्या फडताळात ठेवला. बोलल्या काहीच नाहीत.

पोरगी आता पदवीच्या पहिल्या वर्षाला आहे. मागचा टायर एकदा बदलून झाला, चेनही ताणली म्हणून चाक खाचेत थोडं मागं सरकवलं, अजून जागा शिल्लक आहे. परवा बागेच्या बांधावरून तिनं सायकल काढली आणि या टोकाला येऊन मला ओरडून सांगितलं, "नाना, आपला बांध बरोबर वीस पायडल!"

वीस पायडल म्हणजे तीनशे तीस फूट. मी घरी येऊन सातबाऱ्याबरोबरचा जुना मोजणीचा नकाशा काढून बघितला. दहा साखळ्या. पोरीचा हिशेब बरोबर होता.